क्विनोआ खावा, पण वाटी मोजून

"डॉक्टरसाहेब, भात सोडून क्विनोआ खाल्ला तर साखर उतरते म्हणतात, खरे आहे काय?" हा प्रश्न आता भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यातही दवाखान्यात नेहमी विचारला जातो. नागपूर-पुण्याला नोकरीवर असलेली मुले सुटीत येताना आईवडिलांसाठी एखादे पाकीट घेऊन येतात. पाकिटावर मोठमोठे दावे छापलेले असतात. पण हे धान्य शिजवायचे कसे, हे घरात कोणालाच ठाऊक नसते. कोणी धीर करून शिजवले तर ते कडू लागते, आणि मग पाकीट डब्याच्या तळाशी पडून राहते.

म्हणून या आठवड्यात तीन प्रश्नांचा विचार करू. क्विनोआ म्हणजे नेमके काय? तो आपल्या स्वयंपाकघरात कसा शिजवावा? आणि त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवावी? यातील तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्याचे उत्तर चुकले तर प्रकृतीवर बेतते.

चाकवताचा परदेशी भाऊ

क्विनोआ हे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातले धान्य आहे. पेरू आणि बोलिव्हिया या देशांच्या सीमेवर टिटिकाका नावाचे सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे ३८०० मीटर उंचीवर आहे. त्या थंड, कोरड्या पठारावर तेथील लोक हजारो वर्षांपासून हे धान्य पिकवत आले. संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय क्विनोआ वर्ष म्हणून पाळले आणि त्यानंतर जगभर त्याचा बोलबाला झाला. आपल्या देशातही राजस्थान, आंध्र प्रदेश यांसारख्या राज्यांतील कमी पावसाच्या भागांत त्याची लागवड करून पाहण्यात आली.

पुष्कळांना वाटते की क्विनोआ हे ज्वारी-बाजरीसारखे भरडधान्य आहे. तसे नाही. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ ही सारी गवताच्या कुळातील धान्ये. क्विनोआ मात्र पालेभाजीच्या कुळातील झाडाचे बी आहे. आपल्या शेतात, हरभऱ्या-गव्हात आपोआप उगवणारा चाकवत, ज्याला काही जण बथुआ म्हणतात, तो क्विनोआचा अगदी जवळचा भाऊबंद. पालक, बीट आणि आपला उपवासाचा राजगिरा हेही त्याच कुटुंबातले. तेव्हा हे धान्य फार परके आहे असे समजून बिचकण्याचे कारण नाही.

गुण कोणते?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय खाद्यपदार्थांतील पोषक घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यानुसार १०० ग्रॅम कच्च्या पांढऱ्या तांदळात सुमारे ८ ग्रॅम प्रथिने असतात, ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, तर राजगिरा आणि क्विनोआ या दोघांत १३ ग्रॅमच्या आसपास. तंतुमय पदार्थ आणि लोह हे दोन्ही क्विनोआत पांढऱ्या तांदळाच्या कितीतरी पट जास्त आहेत. मॅग्नेशियमही भरपूर आहे. शिवाय त्यात ग्लुटेन नसते. त्यामुळे ज्यांना गव्हाचे वावडे आहे, म्हणजे सिलिॲक नावाचा आजार आहे, त्यांना तो चालतो.

आणखी एक गुण नेहमी सांगितला जातो. शरीराला बाहेरून घ्यावी लागणारी सर्व आवश्यक अमिनो आम्ले क्विनोआच्या प्रथिनांत असतात, म्हणून त्याला 'संपूर्ण प्रथिन' म्हणतात. हे खरे आहे. पण एवढ्यावरून वरण-भात कमी प्रतीचा ठरत नाही. तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते; डाळीत मेथिओनिन कमी असते, ते तांदळातून मिळते. दोन्ही एकत्र खाल्ले की एकमेकांची उणीव भरून निघते. आपल्या आजी-पणजीने अमिनो आम्लांची नावे ऐकली नव्हती, पण ताटात वरण वाढायला त्या विसरत नव्हत्या.

हिशेबच करायचा तर एका माणसासाठी सुमारे ३५ ग्रॅम कोरडा क्विनोआ लागतो. त्यातून साधारण ५ ग्रॅम प्रथिने मिळतात. तेवढीच प्रथिने २५ ग्रॅम तुरीच्या डाळीत, म्हणजे लहानशा मूठभर डाळीत असतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. हे आकडे लक्षात ठेवले की पाकिटावरील दाव्यांनी डोळे दिपणार नाहीत.

कडूपणा घालवणे ही पहिली पायरी

क्विनोआच्या दाण्याच्या वरच्या थरात सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. रिठ्याला फेस येतो तोही सॅपोनिनमुळेच. पाखरांनी दाणा खाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ही व्यवस्था आहे. बाजारात येणारा बहुतेक माल घासून, धुऊन आलेला असतो, तरी थोडे सॅपोनिन उरतेच. ते तसेच पोटात गेले तर तोंड कडू होते, काहींना मळमळते, पोट बिघडते. 'एकदा खाऊन पाहिला, मानवला नाही,' असे सांगणाऱ्या पुष्कळांनी तो नीट धुतलेला नसतो.

धुण्याची पद्धत अशी. आधी ताटात घेऊन खडे निवडावेत. मग पातेल्यात पाणी घेऊन दाणे १५ मिनिटे भिजवावेत. नंतर दोन्ही तळहातांत हलके चोळून पाणी बदलावे. असे तीन-चार वेळा, फेस येणे थांबेपर्यंत करावे. दाणा मोहरीपेक्षा फार मोठा नसतो, साध्या चाळणीतून वाहून जातो. म्हणून चहाच्या बारीक गाळणीतून किंवा पातळ स्वच्छ कापडातून निथळावा. शेवटी एक दाणा चावून पाहावा; कडू लागला तर आणखी एकदा धुवावा.

शिजवण्याची कृती

एक वाटी धुतलेल्या क्विनोआला दोन वाट्या पाणी पुरते. पाण्याला उकळी आली की चिमूटभर मीठ टाकून दाणे घालावेत, पुन्हा उकळी आली की आच मंद करून झाकण ठेवावे. १२ ते १५ मिनिटांत पाणी आटते. गॅस बंद करून आणखी पाच-सात मिनिटे झाकण न काढता वाफेवर राहू द्यावे आणि मग काट्याने किंवा उलथन्याने हलके मोकळे करावे. दाणा अर्धपारदर्शक झाला आणि त्याच्या कडेने पांढरा बारीक धागा सुटलेला दिसला की शिजला असे समजावे. तो धागा म्हणजे बियाचा अंकुर. त्याला कीड समजून घाबरू नये. एका वाटीचा फुगून साधारण तीन वाट्या होतो.

कुकरमध्ये करायचा तर दीड वाटी पाणी घालून एक शिटी होऊ द्यावी आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. जास्त शिट्ट्या झाल्या तर लगदा होतो. बाजारात पांढरा, लाल आणि काळा असे प्रकार मिळतात. पांढरा मऊ शिजतो. लाल-काळा थोडा टणक राहतो आणि वेळ जास्त घेतो. दात नसलेल्या वृद्धांसाठी पांढराच बरा. गुणांत फार मोठा फरक नाही, म्हणून रंगासाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही.

आपल्या चवीने कसा खावा?

नुसता शिजवून ताटात वाढला तर घरची मंडळी नाक मुरडतात. ओळखीच्या पदार्थात मिसळून दिला तर चालतो.

उपमा : थोड्या तेलात मोहरी, जिरे, हिरवी मिरची, कढीपत्ता, कांदा परतून गाजर, मटर किंवा वालाचे दाणे घालावेत. भाजी शिजली की मोकळा केलेला क्विनोआ घालून एक वाफ आणावी. वरून लिंबू पिळावे आणि सांबार पेरावा. लिंबू केवळ चवीसाठी नाही. त्यातील 'क' जीवनसत्त्वामुळे धान्यातले लोह अंगी लागण्यास मदत होते. याच कारणासाठी जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये, चहा हे लोह अडवतो.

खिचडी : एक भाग क्विनोआ, एक भाग मुगाची डाळ आणि एक भाग तांदूळ घ्यावा. नेहमीप्रमाणे हळद, जिऱ्याची फोडणी देऊन थोडे जास्त पाणी घालून मऊ शिजवावी. आजारातून उठलेल्या माणसालाही ही पचते.

मिश्र भात : ज्यांना भाताशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही, आणि आपल्या जिल्ह्यात असे बहुसंख्य आहेत, त्यांनी तीन भाग तांदळात एक भाग क्विनोआ मिसळून शिजवावा. दोन्हींना जवळपास सारखाच वेळ लागतो. वरणासोबत चवीत फरक फारसा जाणवत नाही.

धिरडे आणि भाकर : धुऊन कडक वाळवलेले दाणे मंद आचेवर भाजून दळून आणावेत. हे पीठ एक भाग आणि ज्वारीचे पीठ तीन भाग घेऊन गरम पाण्याने मळावे. नुसत्या क्विनोआच्या पिठाची भाकर थापताना तुटते, कारण त्याला चिकटपणा नाही. बेसन मिसळून कांदा-मिरचीचे धिरडे मात्र छान होते.

दूध-साखरेची खीर करून 'हे पौष्टिक आहे' म्हणत मधुमेहीला देऊ नये. खिरीतली साखर ही साखरच असते.

शिजवलेला क्विनोआ दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडचा उन्हाळा पाहता त्याआधीच संपवावा. फ्रिजमध्ये ठेवल्यास दुसऱ्या दिवशी पूर्ण गरम करून खावा. नवीन सुरुवात करणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात थोडा थोडाच घ्यावा. एकदम तंतुमय पदार्थ वाढले की पोट फुगते.

मधुमेह आणि क्विनोआ

आता मूळ प्रश्नाकडे वळू. क्विनोआने साखर उतरते काय? पांढऱ्या भाताच्या मानाने क्विनोआ खाल्ल्यावर रक्तातील साखर हळू वाढते, हे खरे. पण साखर वाढतच नाही, असे मुळीच नाही. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात, तर शिजलेल्या क्विनोआत सुमारे २१ ग्रॅम. म्हणजे ३०० ग्रॅम भात खाणाऱ्याच्या पोटात ८४ ग्रॅम कर्बोदके जातात. त्याच माणसाने 'याने साखर वाढत नाही' या समजुतीने ४०० ग्रॅम क्विनोआ खाल्ला तर पुन्हा ८४ ग्रॅमच होतात. ताटातला पदार्थ बदलला, खर्च वाढला, आणि कर्बोदके मात्र तेवढीच राहिली. वजन कमी करण्याचेही तसेच आहे. कोरड्या वजनावर तांदूळ आणि क्विनोआ यांच्यातील उष्मांकांत फारसा फरक नाही. म्हणून मधुमेहीने एका वेळी शिजवलेली एक लहान वाटी, सोबत वरण, भरपूर भाजी आणि काकडी-टमाटर असे ताट ठेवावे.

दुसरा धोका याहून मोठा आहे. पन्नाशीचे एक गृहस्थ तपासणीला आले ते पायाची जखम भरत नाही म्हणून. धान कापणीच्या वेळी लागलेले साधे खरचटणे, पण महिनाभर चिघळत होते. उपाशीपोटीची साखर २८० च्या वर निघाली. विचारपूस केल्यावर कळले की त्यांनी दोन महिन्यांपासून मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. कोणीतरी सांगितले होते की दोन्ही वेळ क्विनोआ खाल्ला की मधुमेह मुळापासून जातो. ते इमानदारीने खात होते, तेही पोटभर. गोळ्या पुन्हा सुरू केल्या, रोज मलमपट्टी केली, तेव्हा कित्येक आठवड्यांनी जखम भरली. आणखी उशीर झाला असता तर बोटावर बेतले असते.

क्विनोआ हे अन्न आहे, औषध नाही. 'पी हळद आणि हो गोरी' असा प्रकार मधुमेहात चालत नाही. आहार सुधारून, चालणे वाढवून साखर खाली आली तर गोळ्या कमी करता येतात, पण तो निर्णय तपासण्या पाहून डॉक्टरांनी घ्यायचा असतो.

याची उलट बाजूही सांगितली पाहिजे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने भात एकदम बंद करून दोन चमचे क्विनोआवर दिवस काढला, तर साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. घाम फुटणे, हातपाय थरथरणे, छातीत धडधडणे, कडकडून भूक लागणे, बोलण्यात गोंधळ होणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी रुग्ण शुद्धीवर असेल तर लगेच तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता त्वरित दवाखान्यात न्यावे. म्हणून औषधे चालू असताना आहारात मोठा बदल करायचा तर आधी डॉक्टरांना विचारावे.

कोणी जपून खावा?

मूत्रपिंडाचा जुना आजार असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय खाऊ नये. क्विनोआत पोटॅशियम आणि फॉस्फरस पांढऱ्या भातापेक्षा बरेच जास्त असतात, आणि अशक्त मूत्रपिंडाला ते बाहेर टाकणे जड जाते. या रुग्णांसाठी कित्येकदा साधा पांढरा भातच योग्य ठरतो. ज्यांना वारंवार मुतखडा होतो त्यांनीही बेताने घ्यावा, कारण या कुळातील झाडांत ऑक्झॅलेट असते. चाकवत, पालक, राजगिऱ्याची भाजी यांत तर ते अधिक असते.

रक्त वाढेल म्हणून क्विनोआ खाणाऱ्यांनी आधी हिमोग्लोबिन कशामुळे कमी आहे याची तपासणी करावी. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. सिकलसेलमुळे कमी झालेले हिमोग्लोबिन कोणत्याही धान्यातल्या लोहाने भरून निघत नाही.

काखेत कळसा

आता खर्चाची गोष्ट. क्विनोआ ज्वारीपेक्षा कितीतरी महाग आहे. ज्याला परवडतो, आवडतो, त्याने अवश्य खावा. पण महिन्याच्या किराण्यात ओढाताण करून, लेकरांचे दूध-अंडी कमी करून म्हाताऱ्यांसाठी क्विनोआ आणणे शहाणपणाचे नाही. क्विनोआतून जे मिळवायचे ते आपल्याकडे वेगवेगळ्या रूपांत आहेच.

राजगिरा प्रथिने आणि लोह या दोन्ही बाबतींत क्विनोआच्या तोडीचा आहे. एक वाटीला तीन वाट्या पाणी घालून मंद आचेवर शिजवला की त्याची दाट पेज होते. तिच्यात ताक, मीठ, जिरे घालून सकाळी घ्यावी. उपवासाला साबुदाण्याऐवजी हाच चालवला तर मधुमेहीचे भलेच होते. मात्र राजगिऱ्याचा लाडू आणि चिक्की यांत गूळ-साखर असते, हे विसरू नये. तंतुमय पदार्थांसाठी ज्वारीची भाकर उत्तम आहे. दुपारी भात खाल्ला तर रात्री भाकर, एवढा एक बदल जरी घरात झाला तरी पुष्कळ साधते. हिवाळ्यात निंदणीच्या वेळी उपटून फेकला जाणारा चाकवत हरभऱ्याची डाळ आणि ताक घालून शिजवावा. फक्त फवारणी केलेल्या शेतातला घेऊ नये, आणि त्याचे पिकलेले बी क्विनोआ समजून गोळा करू नये; त्यात दुसऱ्या तणांचे बी मिसळलेले असू शकते.

आणि भात खाणाऱ्यांनी भाताला दोष देऊ नये. वैनगंगेच्या काठच्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या भात खाल्ला. पण चिखलणी, रोवणी, कापणी करून तो जिरवला. आज दुकानात किंवा कार्यालयात दिवसभर बसून तेवढाच भात खाल्ला तर तो जिरणार कसा? हाच प्रश्न क्विनोआलाही लागू आहे.

ज्यांच्या घरात पाकीट पडून आहे त्यांनी या आठवड्यात ते उघडावे. नीट धुवावे, खिचडी करावी, वाटीने मोजून खावी आणि गोळ्या वेळेवर घ्याव्यात. सुरुवात करण्यापूर्वी एकदा आणि महिन्याभराने पुन्हा एकदा, उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासून आकडे वहीत लिहून ठेवावेत. क्विनोआ आपल्याला किती मानवला हे त्या आकड्यांवरूनच ठरवावे. पाकीट संपल्यावर दुसरे आणणे जमले नाही, तर राजगिरा आणि ज्वारी आपल्या किराणा दुकानात आहेतच.